नाजूक तोंडाच्या तरुण घोड्याला बिट कसं निवडावं

तीन-चार वर्षांचा घोडा. लगाम हातात घेतला की डोकं झटकतो, तोंड उघडतो, जीभ एका बाजूने बाहेर काढतो. मालक दुकानात जाऊन "सगळ्यात मऊ काय आहे ते द्या" म्हणतो आणि जाडजूड रबरी बिट घेऊन येतो. पंधरा दिवसांत घोडा पुन्हा तेच करायला लागतो. मग तो हट्टी ठरतो आणि पुढचं बिट कडक येतं.

या सगळ्यात घोड्याचं तोंड उघडून कुणी पाहिलेलंच नसतं. बिट विकत घेणं हे या कामातलं चौथं पाऊल आहे, पहिलं नव्हे. खाली दिलेला क्रम पाळा, मधलं पाऊल गाळू नका.

शब्दांची गल्लत नको म्हणून एवढं ठरवून घेऊ. बिट म्हणजे तोंडात राहणारा भाग. लगाम म्हणजे स्वाराच्या हातातला पट्टा. मोरकी म्हणजे तोंडात काही न घालता डोक्यावर चढवतात ती. रिकामी हिरडी म्हणजे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली दात नसलेली जागा. बिट तिथेच बसतं.

तयारी

बोटाएवढी जाड, गुळगुळीत घासलेली, वीतभर लांब लाकडी काठी. मार्कर पेन, स्टीलची पट्टी, शक्य असल्यास व्हर्नियर कॅलिपर. चांगला टॉर्च, जुना नायलॉनचा पायमोजा, लहान लोहचुंबक, थोडी काकवी किंवा घट्ट गुळाचं पाणी. व्हॅसलिन. एक वही. घोड्याच्या ओळखीचा माणूस मोरकी धरायला हवा. अनोळखी माणसासमोर घोडा तोंड उघडू देत नाही आणि तपासणी अर्धीच राहते.

टप्पा १: आधी तोंड तपासून घ्या

अडीच ते पाच वर्षांच्या घोड्याचं तोंड म्हणजे चालू बांधकाम. मधले दुधाचे पुढचे दात साधारण अडीच वर्षांला पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. दाढांचंही तसंच: पुढच्या दाढांवरच्या दुधाच्या टोप्या अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान एकेक करून सुटतात. अर्धवट सुटलेली टोपी हिरडीत रुतते आणि घोडा बिटाला वैतागतो. नरांना चार ते सहा वर्षांच्या सुमारास सुळे येतात, तेही नेमके रिकाम्या हिरडीत. सुळा फुटत असताना तिथली हिरडी सुजलेली आणि हुळहुळी असते.

याशिवाय लांडगेदात, म्हणजे वुल्फ टीथ. पहिल्या दाढेच्या पुढे, बहुतेक वरच्या जबड्यात, शेंगदाण्याएवढा छोटा दात असतो. सगळ्याच घोड्यांना नसतो. कधी तो हिरडीखालीच राहतो, दिसत नाही, पण बोटाने दाबलं की टणक गाठ लागते आणि घोडा डोकं वर फेकतो. बिट ओढलं गेलं की ओठाची कातडी आणि हा दात एकमेकांवर चेंगरतात. "उजवीकडे वळतो, डावीकडे वळत नाही" या तक्रारीमागे कितीतरी वेळा हाच असतो.

काय काय पाहायचं:

ओठांचे कोपरे. चीर, खपली, रंग उडालेली पांढरट कातडी. जुन्या जखमेची कातडी ताणत नाही, लगेच फाटते.

रिकामी हिरडी. बाजूने अंगठा सारून दोन्हीकडे हलकेच दाबा. एकसारखी गुळगुळीत लागायला हवी. उंचवटा किंवा खरखर लागली तर हाडापर्यंत जुना मार बसलेला असू शकतो. इथे मांसाची गादी नसते, पातळ त्वचेखाली थेट हाडाची धार असते.

जीभ. कडेला चिरा, आडवा जुना वण.

गाल. आतून फोड दिसले तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या आहेत. नाकपट्टी आवळली की गाल त्याच धारेवर दाबला जातो आणि दोष मात्र बिटाला लागतो.

सारंगखेडा, अकलूज किंवा माळेगावच्या बाजारातून आणलेल्या घोड्याची ही तपासणी दुप्पट लक्ष देऊन करा. त्याच्या तोंडात आधी काय होतं ते विकणारा सांगेलच असं नाही. काटेरी बिट अजूनही सर्रास दिसतं, विशेषतः नाचवायच्या घोड्यांना. भारवाहू जनावरांबाबतच्या १९६५च्या केंद्रीय नियमांनी काटे किंवा टोकं असलेलं बिट वापरायला बंदी आहे. असा घोडा आणला असेल तर तो नाजूक तोंडाचा नाही, जखमी तोंडाचा आहे. त्याला नवीन बिटाआधी विश्रांती हवी.

सावध: दाढांच्या मध्ये हात घालू नका. मागच्या दाढा पाहायला तोंड उघडं ठेवणारी चौकट लागते आणि ते पशुवैद्यकाचं काम आहे. गावच्या दवाखान्यात बहुतेक अनुभव गाई-म्हशींचा असतो, म्हणून घोड्यांचे दात पाहणारा पशुवैद्यक शोधा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचा रायडिंग क्लब इथे चौकशी केली की माग लागतो.

लांडगेदात काढला तर धनुर्वाताची लस झाली आहे ना ते विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. जखम भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, तोंडात काही नको, आणि पुन्हा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

तपासा: जखम, सूज, हलता दात, धारदार दाढ यातलं काही आहे का? असेल तर इथेच थांबा. पुढची मापं सुजलेल्या तोंडाची घेऊन उपयोग नाही.

टप्पा २: दोन मापं घ्या

पहिलं माप रुंदीचं. घोडा शांत उभा असताना काठी बिटाच्या जागी, ओठांच्या कोपऱ्यांना जेमतेम टेकेल अशी आडवी धरा. दोन्हीकडे ओठाच्या बाहेरच्या कडेशी खूण करा. ओठ दाबून खूण केली तर माप कमी येतं. तीनदा घ्या आणि मधलं धरा.

बिटाच्या दोन्ही टोकांना लगाम जोडायच्या कड्या असतात. त्या सैल फिरणाऱ्या असतील तर या मापात एकूण १० मिमी मिळवा, म्हणजे दोन्ही बाजूंना ५-५. कड्या बिटाला पक्क्या जोडलेल्या असतील तर एकूण ५ मिमी पुरे. समजा माप १२० मिमी आलं. पक्क्या कडीचं बिट १२५च्या आसपास, सैल कडीचं १३०च्या आसपास. बाजारात माप इंचात चालतं: साडेचार इंच म्हणजे ११४ मिमी, पावणेपाच १२१, पाच १२७, सव्वापाच १३३, साडेपाच १४०. मारवाडी-काठेवाडी घोड्यांचं तोंड पुष्कळदा अरुंद असतं आणि दुकानात पाच इंचाचं बिट सगळ्यांच्या गळ्यात मारलं जातं. सांधा असलेलं बिट रुंद झालं की मधला सांधा खाली लोंबतो, बिट डावी-उजवीकडे घसरतं आणि एका बाजूची कडी ओठात खेचली जाते. अरुंद झालं की कोपरे चिमटतात.

बिट मोजताना सांधे सरळ ताणून पट्टीवर ठेवा आणि एका कडीच्या आतल्या बाजूपासून दुसऱ्या कडीच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा. डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

दुसरं माप जाडीचं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "जाड बिट म्हणजे मऊ बिट" हे निम्मंच खरं. जाड बिटाचा दाब मोठ्या जागेवर पसरतो हे बरोबर, पण त्याला तोंडात जागा असेल तर. मिटलेल्या तोंडात जीभ जवळपास सगळी पोकळी भरून टाळूला टेकलेली असते. लहान तोंडात २० मिमीचा रबरी दांडा घातला की जीभ चेपली जाते, तोंड नीट मिटत नाही, घोडा गिळू शकत नाही. मग तो जीभ मागे ओढून बिटावर घालतो.

जागेचा अंदाज असा घ्या. तर्जनी आणि मधलं बोट एकावर एक ठेवून, दात नसलेल्या जागेतून, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये सारा. घोड्याला तोंड मिटू द्या. बोटं आरामात राहिली तर १६ मिमी चालेल, मोठ्या तोंडाला १८ही. बोटं चेपली गेली तर १४ मिमीकडे जा. जीभ मांसल आणि कडेने बाहेर डोकावणारी असेल तर १४ मिमीच. हा अंदाज आहे, पण दुकानदाराच्या "जाडच घ्या" पेक्षा भरवशाचा. १२ मिमीच्या खाली तरुण घोड्याला जाऊच नका. तिथे दाब धारेसारखा लागतो. जाडी नेहमी कडीजवळ मोजा, मध्यावर नव्हे.

तपासा: वहीत चार गोष्टी लिहिल्या का? रुंदी, जाडी, जीभ जाड की पातळ, टाळू उंच की सपाट. टाळूचा अंदाज टॉर्च मारून, बाजूने पाहूनच येतो.

टप्पा ३: तोंडाप्रमाणे घडण ठरवा

तरुण घोड्याला स्नॅफलच. म्हणजे लगाम थेट तोंडाच्या रेषेत जोडला जातो, खाली दांडी आणि हनुवटीखाली साखळी नसते. दांडीच्या बिटात हाताचा दाब वाढून पोचतो आणि शिकाऊ घोड्याला तो कुठून आला तेच कळत नाही.

एक सांधा असलेलं स्नॅफल सगळीकडे मिळतं, स्वस्त असतं, म्हणून तेच घेतलं जातं. लगाम ओढला की ते मधून दुमडतं, जिभेच्या दोन्ही कडा आणि रिकामी हिरडी दाबतं. टाळू सपाट असेल तर सांधा वर टोचूही शकतो. पातळ जिभेच्या, उंच टाळूच्या घोड्याला चालून जातं. नाजूक तोंडाला मी ते पहिलं म्हणून घालणार नाही.

दोन सांधे आणि मध्ये गोल कडांचा, हरभऱ्यापेक्षा मोठा लांबट दाणा: ही सुरुवातीची सर्वात सुरक्षित निवड. बिट जिभेभोवती वळतं आणि दाब एका ठिकाणी साचत नाही. दाण्याऐवजी सपाट पट्टी असलेली दोन बिटं बाजारात असतात आणि ती ओळखण्यात हटकून चूक होते. फ्रेंच लिंकची पट्टी बिट तोंडात असताना जिभेवर सपाट पडते. डॉक्टर ब्रिस्टलची पट्टी लांब आणि तिरकी असते, तिची कड जिभेत रुतते. ओळख सोपी आहे: दोन्ही कड्या ताणून बिट तोंडात बसेल तसं धरा आणि पट्टी जिभेवर आडवी पडते की धारेवर उभी राहते ते पाहा. धारेवर उभी राहिली तर परत ठेवा.

बिनसांध्याचं, किंचित कमानदार बिट दुमडत नाही, चिमटत नाही, पण सगळा भार जिभेवर टाकतं. ओठांच्या कोपऱ्यांना किंवा रिकाम्या हिरडीला जुनी इजा असेल आणि जीभ मात्र धड असेल, तर हे उपयोगी. जिभेवर वण असेल तर टाळा. एका बाजूचा लगाम हलवला की अख्खं बिट तिरकं होतं, त्यामुळे वळायला शिकवताना संदेश थोडा अस्पष्ट जातो.

कड्यांबद्दल थोडक्यात. सैल कडीचं बिट हलतं-डुलतं, बिटावर रेलणाऱ्या घोड्याला बरं, पण सतत हलणाऱ्या हाताची प्रत्येक हालचाल तोंडापर्यंत पोचवतं. पक्क्या, अंडाकृती कडीचं बिट स्थिर राहतं. बुजऱ्या घोड्याला सुरुवातीला हेच. डी आकाराची कडी वळताना गालावर बाजूने टेकते, त्यामुळे नुकतंच वळायला शिकणाऱ्या घोड्याला समजायला सोपी.

सावध: तारेसारखं पिळलेलं, चौकोनी धारेचं किंवा साखळीचं बिट "फक्त थांबायला शिकवण्यापुरतं" म्हणून सुद्धा नको. वेदनेपासून पळणारा घोडा आणखी जोरात पळतो.

टप्पा ४: दुकानात हातात घेऊन पाहा

महाराष्ट्रातल्या दुकानांत बराच माल कानपूरचा दिसतो. त्यात उत्तमही असतं आणि कच्चंही, आणि वरून दोन्ही सारखीच चमकतात. म्हणून:

पायमोजा हातात घालून बिटावरून आणि सांध्यांवरून फिरवा. जिथे धागा अडकतो तिथे जीभ कापणार. सैल कडी जिथून जाते त्या भोकाची कड खास तपासा.

लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर बहुधा लोखंडावर मुलामा आहे. मुलामा चावून सुटतो आणि त्याच्या कडा ब्लेडसारख्या होतात. चांगलं स्टेनलेस स्टील चुंबकाला फारशी दाद देत नाही.

सांधे बोटाने फिरवा. बोटाची कातडी चिमटली तर घोड्याची जीभही चिमटेल. दोन्ही बाजूंचे तुकडे समान लांबीचे आहेत ना तेही पट्टीने पाहा. ओतकामात चार-पाच मिमीचा फरक सहज सुटून जातो आणि घोडा मान एकीकडे तिरकी धरू लागतो.

पदार्थाचा विचार सगळ्यात शेवटी. स्टेनलेस स्टील बिनतक्रार टिकतं. तांबं मिसळलेल्या धातूने काही घोड्यांच्या तोंडाला लाळ सुटते, ती उपयोगी. पण तांबं मऊ, दातांनी ओरखडे पडतात, म्हणून दर आठवड्याला पायमोजा फिरवा. रबर कोरड्या तोंडात घासतं, चावून तुटतं आणि जाड असतं. घ्यायचंच असेल तर आत स्टीलचा गाभा किंवा साखळी असलेलं घ्या.

टप्पा ५: बसवताना

गालपट्ट्या दोन्हीकडे सारख्या भोकावर हव्यात. बिट ओठांच्या कोपऱ्यांना सगळीकडून टेकलेलं असावं, कोपऱ्यात एखादी हलकी सुरकुती चालेल. दोन-तीन ठसठशीत सुरकुत्या म्हणजे घोडा लगाम न ओढताही दिवसभर ओढल्यासारखा. पण भिऊन फार सैल सोडणंही तितकंच वाईट: लोंबतं बिट नराच्या सुळ्यांवर आपटतं आणि जीभ बिटावर घालायची सवय लावतं. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात.

नाकपट्टीखाली, नाकाच्या समोरच्या हाडावर, दोन बोटं आडवी सहज जायला हवीत. बाजूने गालाजवळ बोटं घालून पाहणं ही स्वतःची फसवणूक आहे. तिथे नेहमीच जागा असते. तोंड उघडतो म्हणून नाकपट्टी आवळली तर घोड्याची तक्रार बंद होते, कारण तसंच राहतं.

बिट चढवताना डावा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून रिकाम्या हिरडीवर ठेवा, तोंड आपोआप उघडतं. दातांवर बिट आपटून तोंड उघडवायचं नाही. काढताना कानामागचा पट्टा हळू पुढे घ्या आणि घोडा स्वतः बिट सोडेपर्यंत थांबा. घाईत ओढलेलं बिट दातांत अडकलं की तो दुसऱ्या दिवशी तोंड लपवतो.

सावध: एप्रिल-मे महिन्यात उन्हात टांगलेलं बिट भाजतं. सावलीत ठेवा, चढवण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा. थंडीतल्या पहाटे तेच बिट मुठीत धरून कोमट करून घ्या.

टप्पा ६: ओळख करून द्या

पहिले चार-पाच दिवस लगाम जोडूच नका. आत मोरकी, वर फक्त बिट आणि पट्ट्या. बिटाला काकवीचं बोट लावा, १० ते १५ मिनिटं तबेल्यात राहू द्या, समोर थांबा. बिट घातलेला घोडा एकटा सोडला तर कडी खिळ्याला अडकवून तोंड फाडून घेतो. पहिल्या दिवशी तो सारखा चावत राहील, जीभ फिरवेल. हे अपेक्षित आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चघळणं मंद होऊन ओठांवर थोडा ओलावा दिसला की पुढे जा.

मग आठवडाभर बिट तोंडात ठेवून मोरकीच्या दोरीने चालवा. त्यानंतर जमिनीवरून लांब लगाम: थांबणं, चालणं, मोठी वळणं. लंजिंगची, म्हणजे घोड्याला गोलात फिरवायची, दोरी बिटाच्या कडीला कधीही बांधू नका. घोडा एकदा उधळला की सगळा झटका एका बाजूच्या हिरडीवर बसतो. त्यासाठी कॅव्हेसन (नाकपट्टीवर कडी असलेली भक्कम मोरकी) किंवा घट्ट बसणारी मोरकी.

स्वार बसेल तेव्हा पहिल्या फेऱ्यांत घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा असू द्या. तोल गेला की हात पट्ट्याला जावा, लगामाला नव्हे. रिकिबीविना दुडकीवर डगमगणारा स्वार या घोड्यावर नको. त्याच्या हाताखाली कुठलंच बिट आरामदायी ठरत नाही.

टप्पा ७: लक्षणं वाचा, मग एकच बदल करा

बंद किंवा किंचित हलणारं तोंड, थोडा फेस, सैल कान, वळताना मान सरळ: बिट जमलं आहे, पुढे जा.

जीभ बिटावर येते: आधी बिट एक भोक वर घ्या. फरक नाही पडला तर जाडी कमी करा. जीभ बांधणं हा उपाय नाही.

डोकं वर फेकतो: हात, लांडगेदात आणि टाळू, याच क्रमाने पाहा. सांधा एक असेल तर दोन सांध्यांचं लावून पाहा. खोगीर पाठीला टोचत असलं तरी घोडा हेच करतो, म्हणून पाठही दाबून बघा.

एकाच बाजूला तक्रार: दात, किंवा बिटाचे तुकडे असमान, किंवा गालपट्ट्या असमान. स्वाराचा एक हात जड असण्याचीही शक्यता धरा.

बिटावर रेलतो: बिट फार जाड, फार स्थिर, किंवा घोडा दमलेला. तरुण घोड्याचं पहिल्या महिन्यात वीस-पंचवीस मिनिटांच्या वर काम घेऊ नका.

कोपरे सोललेले: बिट बंद, व्हॅसलिन, कातडी भरेपर्यंत मोरकीवर काम. नंतर सैल कडीऐवजी पक्की कडी, किंवा कडी आणि ओठ यांच्यामध्ये बसणाऱ्या रबरी चकत्या.

रक्त, निळसर जीभ, किंवा बिट पाहताच मागे सरणं: त्या दिवशी पुन्हा बिट नाही, पशुवैद्यकाला बोलवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार-पाच फेऱ्या तशाच होऊ द्या. बिट, नाकपट्टी आणि स्वार एकाच दिवशी बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येक फेरीनंतर टॉर्च घेऊन कोपरे आणि हिरडी पाहा, वहीत एक ओळ लिहा.

तीन-चार प्रामाणिक बदलांनंतरही घोडा अस्वस्थ असेल आणि दात ठीक असतील, तर काही महिने साइडपुलसारख्या, नाकावरून चालणाऱ्या साध्या मोरकीवर काम करायला हरकत नाही. मात्र लांब दांड्यांचं, नाकावर दाब देणारं यांत्रिक हॅकॅमोर "बिट नाही म्हणून सौम्य" समजून लावू नका. नाकाचं हाडही नाजूकच असतं.

पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दात तपासून दोन्ही मापं पुन्हा घ्या. तीन वर्षांचा असताना बरोबर बसलेलं पावणेपाच इंची बिट पाचव्या वर्षी चिमटू लागलेलं असू शकतं. नराचे सुळे फुटू लागले की हिरडी निवेपर्यंत बिट खुंटीलाच राहू द्या, मोरकीवर चालवा.